आखेनला इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम: जर्मन कितपत लागेल?

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा. येत्या ऑक्टोबरमध्ये यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतल्या आखेन शहरात येत असून शिकवणी, परीक्षा आणि प्रबंध हे सर्व इंग्रजीतच आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवणाऱ्या खात्यात) 11,904 युरो भरून झाले आहेत आणि हाताशी चार महिने मोकळे आहेत. आधी गेलेले मित्र म्हणतात की जर्मनवाचून काही अडत नाही, तेव्हा हा वेळ गणिताच्या उजळणीला द्यावा. घरच्यांचे म्हणणे मात्र पुण्याला राहून जर्मनचे ए-वनच्या (पहिल्या पातळीच्या) पुढचे वर्ग करावेत असे आहे. या वाटेने गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला नम्र,
एक विद्यार्थी

—

नमस्कार.

तुमचे मित्र खोटे बोलत नाहीत. वर्गात, ग्रंथालयात आणि मराठी मुलांनी भरलेल्या फ्लॅटमध्ये खरोखरच काही अडत नाही. अडते ते टपालपेटीपाशी. मी तीन वर्षांपूर्वी अशीच ए-वनच्या बळावर आले. दुसऱ्याच महिन्यात माझ्या नावाचे एक पत्र आले, ते मी पिझ्झाच्या जाहिरातींसोबत बाजूला ठेवून दिले. आणखी दोन आली. तिसऱ्यात आठ युरो दंड वाढलेला दिसला, तेव्हा मी ते घेऊन तळमजल्यावरच्या आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, अगदी सावकाश वाचून दाखवले: रेडिओ-टीव्हीचे शुल्क, महिना 18.36 युरो, घरटी एकदाच. माझी घरसोबतीण ते आधीपासूनच भरत होती. मला केवळ तिचा शुल्क-खात्याचा क्रमांक कळवायचा होता.

सरकारी पत्र इंग्रजीत यावे अशी अपेक्षाच ठेवू नका, कारण इथल्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यात, कलम 23 मध्ये, कामकाजाची भाषा जर्मन असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. खिडकीपलीकडचा माणूस इंग्रजी बोलला तर तो त्याचा चांगुलपणा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायला जाल, तेव्हा तो भेटेलच असे नाही.

आता घरच्यांच्या बाजूने एक गोष्ट, जी मला इथे आल्यावर उमगली. आपण ही भाषा इंग्रजीतून शिकतो आणि उगाच अवघड करून घेतो. 'फीअर-उन्ट-फ्युन्फत्सिश' म्हणजे चार आणि पन्नास, आपले सरळ चोपन्न. पण डोक्यात 'फिफ्टी-फोर' चालू असेल तर कागदावर हमखास 45 लिहिले जाते. जर्मनमध्ये 'मेड्शेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी आहे. 'ते पोरगं' म्हणत वाढलेल्याला त्याचे नवल वाटू नये. 'वाइल', म्हणजे कारण, या शब्दानंतरच्या वाक्यात तर क्रियापद आपल्यासारखेच शेवटी जाऊन बसते.

पैशांच्या दृष्टीनेही पाहा. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, परंतु बेकरीच्या गल्ल्यावर जर्मन लागतेच, आणि विद्यापीठातल्या सहायकाच्या जागांसाठी रांग लागलेली असते. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. भाषेचा श्रीगणेशा तेव्हा करणाऱ्यांचे निम्मे महिने वर्गातच सरतात, हे मी जवळच्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

म्हणून माझे मत असे की चारही महिने पुण्यात जर्मनला द्यावेत आणि गणित रात्री करावे. प्रमाणपत्राच्या पातळीपेक्षा कान तयार होण्याकडे, तसेच भाडेकरार आणि विम्याची पत्रे वाचण्याकडे अधिक लक्ष द्या. 'काल्टमीटे' म्हणजे वीज-हीटिंग धरून नसलेले भाडे, एवढे जरी आधी कळले तरी पहिला करार करताना फसगत होणार नाही.

आणि खोली मिळाली की त्याच संध्याकाळी टपालपेटीवर आपल्या आडनावाची चिठ्ठी चिकटवा. नाव नसलेल्या पेटीत पोस्टमन पत्र टाकत नाही, ते परत जाते.

आपली,
आखेनची एक सभासद