'के बा' म्हणजे सरसकट नकार नव्हे

स्पॅनिशमधलं '¡के बा!' म्हणजे 'नाही' असं सांगतात, ते अर्धंच बरोबर आहे. ते समोरच्याचं म्हणणं खोडायला: "दमलास?" "के बा!" म्हणजे "छे, कुठलं!" मागणी धुडकावताना 'नि आब्लार', आपलं 'नावच काढू नकोस'. (स्पेलिंग hablar, त्यातला एच मुका.) 'नि लोको' (वेडा झालो तरी नाही) बाईने म्हणताना 'नि लोका' होतं, इथे हमखास चूक होते. 'नि दे कोन्या' (अजिबात नाही) खास स्पेनचं आणि शिवराळ, साहेबासमोर 'नि दे ब्रोमा' बरं. त्याच अर्थाने मेक्सिकोत 'नि मादरेस', अर्जेंटिनात 'नि एन पेदो', दोन्ही फक्त दोस्तांत. विश्वास बसत नसेल तर स्पेनमध्ये 'आंदा या!', म्हणजे 'चल, काहीतरीच!' माझं आवडतं 'इ उन खामोन!' शब्दशः 'आणि एक हॅम'. मराठीत थेट 'डोंबल!'