मदत हवी आहे : सुपरमॅन इथे असा का वागतो?

राजेहो, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात पारावर यावरून वाद पेटलाय. २००३-०४ च्या 'जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स' या कॉमिक्समध्ये डीसीची जस्टिस लीग (जेएलए, सुपरमॅनचा चमू) अन् मार्व्हलचे अ‍ॅव्हेंजर्स हे दोन वेगळ्या विश्वांतले नायक-चमू समोरासमोर येतात. त्यात सुपरमॅन अ‍ॅव्हेंजर्सवर भडकतो, यांनी आपल्या जगासाठी पुरेसं केलंच नाही म्हणून. अ‍ॅव्हेंजर्सचा कॅप्टन अमेरिकाही तसाच. जस्टिस लीग लोकांकडून पूजा करून घेते, असं त्याच्या डोक्यात बसतं. पुढे कारण येतं : दोघं आपापल्या विश्वाशी इतके जुळलेले, की परक्या विश्वात बिथरतात. चुलतभावाला हे पटतं. मला नाही पटत. कॅन्ससच्या शेतात वाढलेला क्लार्क, म्हणजे सुपरमॅनच, पाहुणा म्हणून जाऊन यजमानालाच सुनावेल? पण याचा लेखक कर्ट ब्युसिक जुने अंक कोळून प्यालेला, उगाच असं लिहिणार नाही. पहिल्या दोन अंकांत या बिथरण्याची चाहूल देणारी चौकट कुणाला आठवते का? कोणता प्रसंग तेवढं सांगा, पुस्तक हाताशी आहे.