मदत हवी आहे: ग्रामपंचायत म्हणते ‘अभिलेख आढळून येत नाही’

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीने केलेल्या एका काँक्रीट रस्त्याची माहिती मी माहिती अधिकारात मागितली होती. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, शब्द 150 च्या आत, सगळं रीतसर. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवतात ती वही) आणि ठेकेदाराचं अंतिम देयक एवढंच मागितलं.

तिसाव्या दिवशी दोन ओळींचं पत्र हातात आलं: ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.’ खाली सही, शिक्का. जावक क्रमांकाची जागा कोरी! अपील कुणाकडे करायचं, तेही लिहिलेलं नाही. खरं तर ते कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 19(1) खाली 30 दिवसांत प्रथम अपील करता येतं, हे ठाऊक आहे. अडतंय पुढे. देयक अदा झालंय म्हणजे मोजमाप कुठेतरी नोंदलेलं असणारच ना? मग अपिलात नेमकी मागणी काय लिहू: कागद शोधून द्या, की गहाळ असल्याचं लेखी प्रमाणित करून जबाबदारी निश्चित करा? महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 (सरकारी कागदपत्रं जपण्याबाबतचा कायदा) याचा उल्लेख करून कुणाला फायदा झालाय का? की पंचायत समितीच्या बांधकाम उपअभियंत्याकडे वेगळा अर्ज टाकून थेट अभिलेख पाहणीच मागू?

ग्रामसेवकांशी रोजची गाठ आहे, त्यामुळे भांडण नकोय. पण कागद हवेतच.

कुणी असं अपील लिहिलं असेल तर मागणीचा परिच्छेद तेवढा इथे टाका, प्लीज. मुदतीचे 11 दिवस उरलेत.