अनुभव धागा: डिप्रेशनची गोळी चालू आहे, हे कुणाकुणाला ठाऊक आहे?

मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं की न जावं, यावर आपण पुष्कळ बोलतो. चिठ्ठी हातात पडल्यावर पुढचे महिने ती गोळी घरात कशी नांदते, यावर फारसं कुणी बोलत नाही. माझी एस्सिटालोप्राम, दहाची. बीपी आणि थायरॉईडच्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात उघड्यावर असतात, ही मात्र साड्यांच्या घडीत. तुमच्याकडे कसं आहे? लपवल्यामुळे काही अडलं का? घडलेलं लिहा, कितीही लांब चालेल. दोन विनंत्या: एकमेकांना डोस सुचवू नका, आणि डॉक्टरांची-हॉस्पिटलांची नावं नकोत. जगणंच नको असं ज्यांना आत्ता वाटतंय त्यांनी हा धागा नंतर वाचावा, आधी १४४१६ लावावा. टेलिमानस आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

साताऱ्याची सून

सासूबाईंचं सांगते. मामंजी गेल्यावर त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. वय ७२. मोठ्या दिरांनी पुढाकार घेऊन दाखवलं, सर्ट्रालिन सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय चालू आहे? दीर म्हणाले, बीपीची गोळी. कुठली, ते राहूनच गेलं. ती ‘एच’वाली होती, म्हणजे टेल्मिसार्टनच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं. इकडे फॅमिली डॉक्टरांना नव्या गोळीचं कळू द्यायचं नाही असं ठरलेलं, कारण त्यांचा कंपाउंडर आमच्याच आळीतला.

तिसऱ्या आठवड्यात मेथी निवडताना त्या देठ ताटात ठेवून पानं कचऱ्यात टाकायला लागल्या. मला वन्संच्या नावाने हाक मारली. आम्ही म्हटलं, वय झालं. मग मोरीकडे जाताना झोक गेला. रक्तातलं सोडियम निघालं ११७, हवं १३५च्या वर. आयसीयूत सलाईन इतकं हळू का देताय म्हणून दीर तावातावाने बोलायला गेले, तर तिथल्या मुलीने (डॉक्टरच ती, पण पोरगीच दिसत होती) शांतपणे सांगितलं की झटक्यात वर नेलं तर मेंदूला इजा होते. ही गोळी सोडियम उतरवू शकते, ती ‘एच’वालीही उतरवते, आणि उतारवयात, त्यातही बायकांत, हा धोका जास्त. दोन्ही डॉक्टरांकडे दोन्ही पट्ट्या दिसल्या असत्या तर सुरुवातीलाच सोडियम तपासलं गेलं असतं. आता बीपीचं औषध बदललंय, आणि मनासाठी रात्री मिर्टाझापिन असते. वर्षश्राद्धाला पुरण त्यांनीच घातलं.

काउंटरमागून

वर्धेकडचा मेडिकलवाला आहे मी. ही चिठ्ठी असलेला माणूस लगेच ओळखू येतो. दुकान रिकामं होईस्तोवर बाजूला उभा राहून टूथपेस्ट बघत असतो. मग चार घड्या केलेला कागद काढतो. मी काय म्हणतो भाऊ, लपवा जगापासून, पण आत काय आहे ते तुम्हाला तरी माहीत पाहिजे ना!

नावापुढे ‘प्लस’ असलेल्या पट्ट्या मागायला रोज लोक येतात. त्यात बहुतेकदा एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम असतं, अर्धा मिलिग्रॅम. एस्सिटालोप्राम महिनोन्‌महिने घ्यायची असते आणि असर यायलाच काही आठवडे जातात. क्लोनाझेपाम घबराट लगेच उतरवतं, म्हणून लोकांना तीच खरी गोळी वाटते. पण ते बहुतेकदा थोड्या काळापुरतं असतं, त्याची सवय लागते. वरून दारू घेतली तर झापड वेगळीच. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं प्लसच मागणारे आहेत. मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. आणि कुणी एकदम बंद केली तर फेफरं येऊ शकतं, हे पण ध्यानात ठेवा. पट्टीच्या मागे घटक बारीक अक्षरात छापलेले असतात. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा, आणि प्लस किती दिवस, हे डॉक्टरला थेट विचारा.

चाकरमानी, डोंबिवली

गणपतीला गावी. गौरी गेल्या की निघायचं, हिशेबाने गोळ्या नेलेल्या. पावसाने घाट बंद झाला आणि पट्टी संपली. व्हेन्लाफॅक्सिन होती, गावच्या बाजारात कुठून मिळणार! दुसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात ट्यूब पेटताना होते तशी लुकलुक, आणि नजर मानेच्या मागून अर्धा क्षण उशिरा पोचायची. घाम, मळमळ, उगीच रडू. वाडीत मी सोडून कुणालाच गोळीचं माहीत नाही, त्यामुळे आत्याने बाहेरची बाधा ठरवली आणि माझ्यावरून नारळ उतरवला. नारळ चांगला निघाला, दुसऱ्या दिवशी त्याची चटणी झाली. शेवटी भावाला पडवीत नेऊन सांगितलं. त्याने डॉक्टरांना फोन लावला आणि चिपळूणच्या मेडिकलमधून माणूस पाठवून पट्टी मागवली. डॉक्टर म्हणाले, हा आजार उलटलेला नाही, गोळी अचानक थांबल्याचा त्रास आहे. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिनला तो जास्त होतो, फ्लुऑक्सेटिन शरीरातून सावकाश जाते म्हणून तिला कमी. आता चिठ्ठीची झेरॉक्स आणि एक जादा पट्टी कायम पाठपिशवीत असते.

म्हापशाहून

स्कूटरवरून पडलो, खांदा गेला. कॅज्युअल्टीत गर्दी, उशाशी मेहुणे आणि शेजारी. डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं, कुठलं औषध चालू? बायको पटकन म्हणाली, काही नाही. तिला तरी काय दोष द्यायचा, त्या गर्दीत मीही तेच म्हटलं असतं. दुखण्यावर ट्रॅमाडॉल मिळालं. रात्री पाय आपोआप उडायला लागले, हात थरथर, अंग घामाने भिजलं, छातीत धडधड. माझी सर्ट्रालिन मोठ्या डोसची. दोन्ही मिळून सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) फार वाढतं, ते प्रकरण जिवावर बेतू शकतं. रात्रीच परत नेलं, तेव्हा बायकोने पर्समधून पट्टी काढून सरळ टेबलावर ठेवली. कोरड्या खोकल्याच्या काही औषधांतल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचंही तसंच, असं तिथे कळलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे वेदनाशामकं या गोळीसोबत मनाने घेऊ नका, पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो.

आई, पुणे

मुलगी १९ वर्षांची, फ्लुऑक्सेटिन सुरू झाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पंचविशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत, आणि डोस बदलला की, अस्वस्थता आणि जीव द्यायचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठीही या औषधांवर तशी ठळक सूचना आली, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे पट्टी माझ्या कपाटात, रोज एक गोळी हातावर. ती चिडायची, ‘मी काय लहान आहे का?’ पण एका रात्री स्वतःच उठवायला आली. ‘आई, आज फार घाण विचार येतायत.’ सकाळ होण्याची वाट न बघता फोन केला. ठरलेलंच होतं की करायचा.

ठाणेकर

थोडक्यात. भावाला नैराश्याची गोळी दिली आणि काही दिवसांत तो झोपायचाच बंद झाला. पहाटे तीनला फर्निचर मागवत होता, ऑफिस विकत घेतो म्हणत होता. धाकट्या काकांना तरुणपणी असंच व्हायचं, ही गोष्ट घरात कुणी काढत नाही, म्हणून डॉक्टरांनाही सांगितली गेली नाही. निदान बदललं, बायपोलर, म्हणजे मन कधी फार खाली तर कधी फार वर जाण्याचा आजार. औषधंही वेगळी.

नाव नको

सगळ्यांना सांगा, हे बोलणं सोपं आहे. मी लग्न ठरताना सांगितलं आणि ते मोडलं. त्यामुळे मी आता यादी छोटी ठेवते: स्त्रीरोगतज्ज्ञ, दातांचे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर आणि घरातलं एक माणूस. बाकी कुणाला कळायची गरज नाही. पाकिटात आधार कार्डामागे चिठ्ठी आहे, त्यावर गोळीचं नाव, डोस आणि मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर. नंतर लग्न झालं, ते सगळं ठाऊक असलेल्या माणसाशीच. मूल हवं असं ठरल्यावर माझ्या आईचा पहिला सल्ला होता, आजच बंद कर. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले आणि सर्ट्रालिन चालू ठेवली. आजार परत उलटणं मलाही आणि बाळालाही जास्त महागात पडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. अंगावर पाजतानाही चालू होती.

नाशिककर काका

बरं वाटायला लागल्यावर हिने लकडा लावला, आता कशाला घेताय? डॉक्टर म्हणाले, बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने घ्यायची, मग उतरवू. आता दहावरून पाचवर आलोय. मध्ये चिडचिड वाढली तेव्हा त्यांनी घाई केली नाही, आहे तिथेच थांबवलं. पुढची पायरी दिवाळीनंतर. पाहुण्यांच्या आणि फटाक्यांच्या गडबडीत डोस कमी करायचा नाही, असं त्यांनी हिलाच बजावलंय.