मदत हवी आहे: वर्गात व्हिडिओ दाखवताना मुलांना बोलते कसे करावे?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी व चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आणि दीक्षा ॲप यांवरून मी परिसर अभ्यासाचे व्हिडिओ आदल्या रात्री घरी उतरवून घेते, कारण शाळेत रेंज टिकत नाही.

मुले व्हिडिओ तल्लीन होऊन पाहतात; मात्र संपल्यावर प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. मागच्या आठवड्यात बी रुजण्याचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी एका मुलीने ओल्या फडक्यात बांधलेली मटकी आणून विचारले, “बाई, टीव्हीत लगेच मोड आले, माझ्या मटकीला का नाहीत?” व्हिडिओत दिवसांचा काळ काही सेकंदांत आवळलेला असतो, हे मी आधी सांगायला हवे होते. तो प्रश्न मला व्हिडिओपेक्षाही मोलाचा वाटला.

असे प्रश्न वर्गातच उमटावेत, यासाठी आपण व्हिडिओ नेमका कोठे थांबवता? आवाज बंद करून मुलांकडूनच वर्णन करून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? आणि एका इयत्तेला व्हिडिओ दाखवताना उरलेल्या इयत्तेला कोणते काम द्यावे, हेही कृपया सविस्तर सांगावे.