दोन्ही कोर्स सारखे नाहीत
ताई, तुमच्या भाच्याला फॅल्सिपेरम (मलेरियाचा जास्त धोकादायक प्रकार) निघालाय आणि त्यावर इथे कुणी म्हणालं, ‘आर्टेसुनेट-एसपी काय नि आर्टिमेथर-लुमेफँट्रिन काय, दोन्ही कॉम्बिनेशन सारखीच, मिळेल ते द्या.’ मला हे अजिबात पटत नाही. आर्टेसुनेट-एसपीत आर्टेसुनेट तीन दिवस रोज एकदा, एसपी (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, यात सल्फा असतं) फक्त पहिल्या दिवशी. देणं सोपं, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर चालत नाही. शिवाय एसपीला जंतू दाद देईनासे झाले की सारा भार एकट्या आर्टेसुनेटवर पडतो. म्हणूनच ईशान्येकडे सरकारी धोरणात २०१३ पासून आर्टिमेथर-लुमेफँट्रिन आलं. त्याचे तीन दिवसांत सहा डोस, दुसरा आठ तासांनी, मग रात्री झोपमोड झाली तरी. लुमेफँट्रिन उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही. आमच्या बडोद्यात धाकटीला डॉक्टरांनी हेच दिलं, तेव्हा गोळी चमच्यात विरघळवून लगेच सायीचं दूध पाजायचो. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा लागतो. कुठलं औषध ते डॉक्टरांनाच वजन सांगून ठरवा, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी कृपा करून कोर्स सोडू नका. व्हायवॅक्स (मलेरियाचा दुसरा प्रकार) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आपल्याकडे क्लोरोक्विन अजून चालतं.