परदेशातलं थीम पार्क, एका दिवसात, सहकुटुंब : तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात पॅरिसला चाललोय. पाच वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा, शिवाय सत्तरीतले आई-बाबा. एक दिवस डिस्नीलँडसाठी काढलाय. तिकीट कितीला, पार्क उघडतं कधी, हे नेटवर सापडतं. इतक्या वेगवेगळ्या वयांची माणसं घेऊन दिवस निभावायचा कसा, ते कोणी सांगत नाही. पॅरिसच पाहिजे असं नाही, कुठल्याही देशातलं चालेल. भांडणं झाली असतील तर तीही लिहा!

पुण्याहून पॅरिस
आमच्यासोबत सासू-सासरे होते. जाताना आरईआर ए ही उपनगरी गाडी पकडा, पण फलकावर मार्न-ला-व्हाले शेशी लिहिलंय ना ते बघूनच चढा. व्हँसेनच्या पुढे फाटा फुटतो आणि दुसरी गाडी ब्वासीला जाते. पॅरिसच्या मध्यातल्या शातले स्थानकाहून पाऊण तासाच्या आत पोचता. शेशी शेवटचं स्थानक आहे, स्थानकाबाहेर पडलं की समोरच पार्क. याचा खरा फायदा परतताना. तिथून सुटणारी प्रत्येक आरईआर पॅरिसकडेच जाते, चुकायला वावच नाही. म्हणून सासू-सासरे चारच्या सुमाराला दोघंच परतले आणि हॉटेलवर निवांत झोपले. मेमध्ये तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे शेवटचा आतषबाजीचा शो फार उशिरा होतो. तोपर्यंत म्हाताऱ्या माणसांना थांबवू नका. शो संपला की सगळी गर्दी एकदम स्टेशनवर लोटते.

मुलीची उंची घरीच मोजा. बिग थंडर माउंटनला १०२ सेंमी लागतात, हायपरस्पेस माउंटनला १२०. म्हणजे पहिल्यात दोघं बसतील, दुसऱ्यात बहुधा दादाच. रांगेत तासभर उभं राहून पट्टीपाशी रडारड होण्यापेक्षा हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकाने बसायचं, दुसऱ्याने लहानग्याला सांभाळायचं आणि मग अदलाबदल करायची, अशी रायडर स्विचची सोय आहे. कर्मचाऱ्याला रांगेच्या तोंडाशीच विचारा. आजोबांना पार्काभोवती फिरणारी छोटी आगगाडी सगळ्यांत आवडली. सासूबाईंनी मेथीचे पराठे बांधून घेतले होते, कोणी हटकलं नाही.

सिंगापूर, इथेच राहतो
पाहुणे आले की सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज ठरलेलं. मेट्रोने हार्बरफ्रंटला उतरून व्हिवोसिटी मॉलमधून मोनोरेल आहे, पण मी पाहुण्यांना पुलावरून चालत नेतो. समुद्र दिसतो, सरकते पट्टेही आहेत. दुपारी विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद. तेव्हा सगळे ट्रान्सफॉर्मर्सकडे धावतात, म्हणून आम्ही ती सकाळीच उरकतो. बॅटलस्टारला १२५ सेंमी लागतात. भाच्याला जेमतेम तेवढी उंची होती, तर त्याने बूट काढायलाच नकार दिला.

नेदरलँड्स
डिस्नीच्या नावामागे सगळे धावतात. आमच्याकडचं एफ्टेलिंग १९५२ पासून आहे, डिस्नीलँडच्याही आधीचं! परीकथांचं जंगल सावलीत आहे, बाकं भरपूर. आजी-आजोबा आणि नात एकाच वेळी खूश होतील अशी जागा मी दुसरी पाहिली नाही. तोंड उघडून कागद मागणारा जाडा कचराडबा आहे. आमच्या चिरंजीवांनी त्याला भरवायला पिशवीतली बिलंसुद्धा संपवली. ‘भारतीय कमळं’ नावाचा एक खेळ १९६६ पासून चालू आहे, गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओलाची. आत बेडूक वाजवतात, पऱ्या नाचतात. माझ्या आईने बाहेर येऊन विचारलं, “यात आपलं काय होतं रे?” रेल्वे स्टेशन नाही तिथे, टिलबर्ग किंवा डेन बॉसहून बस घ्यावी लागते.

दुबईहून
उन्हाळ्यात जायचं तर अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड, छताखाली आणि एसीत. फॉर्म्युला रोसा ही राइड ताशी २४० किमीने सुटते, डोळ्यांना चष्मा लावायला देतात. उंची १३० सेंमी हवी. आमच्या बाबांनी हट्टाने बसून दाखवलं आणि आईने नंतर दिवसभर त्यांच्याशी अबोला धरला. भांडण मागितलं होतंत ना, हे घ्या.

धागा काढणारा
मुलगी आत्ताच मोजली, १०८. आई-बाबा लवकर परतायला तयार आहेत, बाबांना फक्त तिकिटं आधीच हातात हवीत. पराठ्यांवरून मात्र बायकोचं आणि आईचं चालू आहे : तिखट की बिनतिखट?